थरथरणारी पिल्लं

चांगुणानं लेकीच्या हातातली पेटी हिसकून घेतली आणि दाणकन खाली ठेवली.

"लातूर-बितूर काही न्हाई. पिल्लं कशी थरथरून राहिली बघ. जमीन पुन्हा हलणार हाय."

डुकरीण पहाटे व्याली होती आणि झाडून सगळी पिल्लं थरथरत होती. आता या बाईला कोण समजावणार? भूकंपाच्या रात्री गावची कुत्री रडली, कुणी मनावर घेतलं नाही, आणि तिची थोरली बहीण विठाबाई भिंतीखाली गेली. तेव्हापासून दोन वर्षं चांगुणा छपराखाली झोपली नव्हती. खिडकीत तिनं स्टीलच्या पेल्यांची चळत रचली होती. जमीन हलली की पडून वाजावी म्हणून. त्या चळतीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. घरातली माणसं वाटीनं पाणी पीत. आणि लेक महामाया निघाली होती लातूरला अकरावीच्या क्लासला, वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर! आज पोचली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

नरसिंगनं बायकोशी वाद घातला नाही. सायकल काढली आणि निलंग्याहून गुरांच्या डॉक्टरांना, मुज्तबासाहेबांना, बोलावून आणलं. ते डुकराला हात लावतील का, ही चांगुणाला धाकधूक. साहेबांनी लुना उभी केली, बाह्या सरसावल्या आणि सरळ चिखलात बसून पिल्लू उचललं.

"गाभण असताना हिला ताप आलता?"

"हाव. खाणं सोडलं होतं. मग उठली आपोआप."

"डुकरांचा ताप तो. मोठीला सोसला, पोटातल्यांना न्हाई सोसला. ही पिल्लं जगायची न्हाईत, बाई. ती तिकडली मागल्या वेताची दूध तुटलेली हायेत ना, ती तर पटापट जातात याच्यात. त्यांना आत्ताच लस टोचतो. हिला लांब बांधा."

"पण साहेब, ही थरथर? जमिनीची न्हाई?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी पिल्लू आईच्या कुशीला लावलं.

"थांबा जरा."

पिल्लू पिता पिता झोपलं आणि त्याची थरथर थांबली.

"जमिनीची असती तर झोपेतबी थरथरलं असतं. रोग हाय हा. जागेपणीच छळतो."

चांगुणा त्या निजलेल्या पिल्लाकडे बघत राहिली. ते जाणार याचं तिला वाईट वाटलं; पण दोन वर्षांत पहिल्यांदा जमिनीची धास्तीही उतरली. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.

लस टोचून, हात धुऊन साहेब लुनाकडे निघाले.

"असं कसं जाता? चहा घेतल्याबिगर सोडत न्हाई मी. लई उपकार झाले तुमचे."

"आणा. साखर जरा कमी."

चांगुणा आत गेली आणि चळतीवरचा पेला उतरवून त्यातच चहा घेऊन आली. महामायानं तोंडाला हात लावला.

साहेब गेल्यावर चांगुणानं चळतीतला आणखी एक पेला काढला, पदरानं लख्ख पुसला.

"कितवा मजला म्हणलीस?"

"तिसरा."

"मग हा पेटीत टाक. तिथं काय ओंजळीनं पाणी पिणार हायेस?"