जायफळाचे दोन वेढे

तीन महिन्यांचा नातू दुपारी झोपला तो उठलाच नाही. आठवडाभरात तुळसाबाईंच्या गल्लीत त्याची तीन कारणं तयार झाली. शोभाताईंनी नजर सांगितली. नत्थूजींनी कूलरची हवा सांगितली; ते वीज खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून त्यांचं निदान तांत्रिक मानलं गेलं. बाकी सगळ्यांनी आवाज खाली करून सुनेचं नाव घेतलं. भावना शेजारीच झोपली होती. झोपेत बाळावर वळली असेल.

भावना कुणालाच काही बोलली नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

तुळसाबाईही गप्प होत्या. त्या दुपारी बाळ किरकिरत होतं, म्हणून त्यांनी सहाणेवर जायफळाचे दोन वेढे देऊन त्याला चाटवले होते. भावनानं नको म्हणून बजावलेलं असताना.

मग शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर मयुरा घरी आल्या. सोबत हवालदार आणि बाळाएवढी कापडी बाहुली.

"बाळाची गादी कुठे आहे?"

"धुतली ना मॅडम," तुळसाबाई म्हणाल्या. "सरकारी मानसं येनार म्हनून अख्खी खोली धुतली."

आजवर आलेल्या प्रत्येक साहेबाला स्वच्छता हवी होती. हे एकच खातं पसारा बघायला येतं, हे त्यांना कोण सांगणार?

"असू द्या. आठवेल तसं मांडा."

भावनानं गादी टाकली, बाहुली भिंतीकडे उताणी ठेवली, मध्ये उशी लावली आणि स्वतः आडवी झाली. डॉक्टरांनी टेपनं अंतर मोजलं.

"तुम्ही उठलात तेव्हा त्याचं तोंड कुठे होतं?"

"वर. छताकडे." भावना उठून बसली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे सांगूनच गेले होते.

"त्या दिवशी पोटात काय काय गेलं? मी रागवायला आले नाही."

"माझं दूधच फक्त," भावना म्हणाली.

तुळसाबाईंनी पदर सावरला. गप्प राहिलं तर सगळं सुनेवर जाणार होतं. खरं म्हणजे गेलंच होतं.

"जायफळ," त्या म्हणाल्या. "दोन वेढे. म्या देल्लं. इले ठाऊक नाही."

"काहून नाही सांगितलं, माय?" मुलगा प्रशिक ओरडला.

"त्या आता सांगून राहिल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या, आणि सहाण अन् उरलेलं जायफळ पिशवीत सीलबंद करून घेऊन गेल्या.

दीड महिन्यानं त्यांनी तिघांना आपल्या कार्यालयात बोलावलं. हृदयाच्या स्नायूला आतून सूज होती, सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. संसर्ग होता, बाहेर ताप नाही, खोकला नाही.

"कुणी कूस बदलल्यामुळे नाही. जायफळामुळेही नाही, प्रयोगशाळेनं तेही तपासलं. पण आजी, पुढच्या बाळाला चाटवू नका. आणि त्याला वेगळं, उताणं झोपवा."

तुळसाबाईंनी मान डोलावली. मग पिशवीतून भिवापुरी तिखटाचा पुडा काढून टेबलावर ठेवला. एवढं करणाऱ्या बाईला द्यायला घरात त्याहून चांगलं काही नव्हतं.

"आजी, आम्हाला असं घेता येत नाही."

"घ्या ना, मॅडम. पाहिजे तर आधी तपासून घ्या."

भावना हसली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा, आणि हसता हसता रडायला लागली. तुळसाबाईंनी हात पुढे केला. भावनानं तो धरला आणि जिना उतरेपर्यंत सोडला नाही.

गल्लीत शोभाताई वाटच पाहत होत्या. "काय निघालं वं?"

"एकच कारण निघालं," तुळसाबाई म्हणाल्या. "तुमची तिन्ही वापस घ्या."