ओढ्यापलीकडचं हरिण

हॉस्पिटलात सलग चार ड्यूट्या करून दमून मेले होते, तरी रविवारी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, घेऊन जंगलात गेले. कोविडमधल्या विमानांच्या गोंधळात दीड वर्ष ते आमच्याकडे आयर्लंडात, वॉटरफोर्डला अडकलेले. आता कुठे सप्टेंबरचं तिकीट हातात आलं होतं. साताऱ्याला एकटा राहीन, स्कूटर चालवीन, कुणाची कटकट नको, हे दिवसातून तीनदा ऐकवायचे. मी म्हणायचे, जा बाबा एकदाचे.

आमचा तिरंदाजीचा क्लब आहे. इथे बाणाने शिकारीला बंदी, म्हणून झाडीत फोमची हरणं उभी करतात. अंतर कुठेही लिहिलेलं नसतं, नजरेनं ओळखायचं. ते मला बाबांनीच शिकवलं. भूमापन खात्यात सदतीस वर्षं काढलेला माणूस. निम्म्या वाटेवरचं झाड हेर, तिथवरचं अंतर ठरव, मग दुप्पट कर. मध्ये घळ असली तर फसशील, लांबचं जवळ वाटतं. आणि माझं चुकलं की 'नर्सबाई, डोळे उघडा' हा टोमणा ठरलेला.

त्या दिवशी हरिण ओढ्यापलीकडे होतं. माझा अंदाज बावीस मीटर. बाबा म्हणाले, तीस. मी पुन्हा पाहिलं, बावीसच. पण वाद घालायचं त्राण कुणात होतं? तीस धरून बाण सोडला. तो हरणाच्या पाठीवरून चांगला हातभर उंच गेला, म्हणजे माझे बावीसच बरोबर होते.

बाबा म्हणाले, "तुला किती वाटलं होतं?"

"बावीस."

"मग तीस का धरलंस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि हरणाच्या दिशेनं पाहत राहिले. डाव्यानं नीट दिसत नाही म्हणाले, दिवाळीपासून. माझं डोकंच फिरलं. वॉर्डात पेशंटचा चेहरा जरा उतरला तरी मला कळतं, आणि घरातल्या माणसाचं आठ महिने कळलं नाही. त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. बोलला का नाहीत, विचारलं.

"तू रोज इतकी दमून यायचीस. म्हटलं, हिच्या डोक्याला आणखी ताप कशाला."

मी तिथेच ओल्या गवतात बसले आणि रडले. ते शेजारी उभे राहिले. तिकिटाचं काय करायचं, त्यांनी हळूच विचारलं. या खेपेला मला दिसत होतं तेच मी बोलले.

"आत्ता नाही जायचं, बाबा."