फुकटचं व्हीपीएन

मालतीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं फिरणं बंद झालं, तेव्हापासून दुपारचे दोन तास निशिगंधाचे झाले.

जेवणं आटपली, ओटा पुसून झाला की थोरली सून निशिगंधा टीव्हीला पेनड्राइव्ह लावायची आणि सासूच्या पायथ्याशी बसायची. कोरियातली मालिका होती. एक श्रीमंत म्हातारी, तिच्या दोन सुना आणि घरातली धुसफूस. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचून निशिगंधा सासूला आपल्या आगरी बोलीत सांगायची. रेशमी कपड्यातली ती म्हातारी आपल्या शिरवणे गावच्या बायकांसारखी बोलायला लागली की मालतीबाईंना हसू आवरायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासू आपल्यासमोर इतकी मोकळी हसलेली निशिगंधाने आधी पाहिली नव्हती.

मालिका ती टॉरेंटवरून उतरवायची. नवऱ्याचा जुना लॅपटॉप होता, घरातलं वायफाय होतं. सकाळी लावून ठेवलं की दुपारपर्यंत दोन भाग तयार. वेगळा पैसा पडत नव्हता, आणि तो परवडणाराही नव्हता. नवरा, हरेश, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगवर सुपरवायझर होता आणि तिथला ओव्हरटाइम पावसाळ्यापासून बंद होता.

धाकटी जाऊ दिशा वर्षभरापूर्वी घरात आली. मूळची करावे गावची. महाप्याच्या एका कंपनीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. एका दुपारी ती पाण्याची बाटली भरायला वरच्या मजल्यावरून खाली आली, लॅपटॉपवर नजर टाकली आणि सहज विचारलं, "वहिनी, तुमी व्हीपीएन नाय लावत?"

निशिगंधाला तो शब्द ऐकून ठाऊक होता, अर्थ नव्हता. दिशाने उभ्या उभ्या समजावलं. टॉरेंटवर एकच फाइल शेकडो लोक एकमेकांना देत असतात, त्यात आपल्या लाइनीचा नंबर सगळ्यांना दिसतो. व्हीपीएन लावलं की आपल्या जागी दुसराच नंबर दिसतो. ती स्वतः पैसे भरून घेतलेलं वापरते. बोलता बोलता तिने सासूच्या पाठीमागची उशी नीट केली आणि वर निघून गेली.

"कवरं म्हाईत हाय पोरीला," मालतीबाई म्हणाल्या.

एवढंच. पण निशिगंधाला ते दिवसभर टोचत राहिलं. अकरा वर्षांत आपल्याबद्दल असं कोणी म्हणालं होतं का, हे ती आठवत बसली. दिशाचा पगार, दिशाची खुर्ची, दिशाच्या खोलीचं बंद दार आणि ते बंद असताना कोणी ठोठावू नये हा घरातला नियम, सगळं एकेक करून डोळ्यापुढे आलं. संध्याकाळी तिने हरेशकडे व्हीपीएनचा विषय काढला. त्याने कानाडोळा केला. इतकी वर्षं त्याच्यावाचून काही अडलं नाही, आत्ताच काय गरज पडली, असं त्याचं म्हणणं. गरज कसली होती ते निशिगंधाला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने एक फुकटचं व्हीपीएन शोधलं. खाली लांबलचक अटी होत्या, त्या न वाचता तिने होकार दाबला. कोपऱ्यात हिरवं कुलूप उमटलं. ते बघून तिला बरं वाटलं, आणि दिशा खाली आली तेव्हा लॅपटॉपचं तोंड मुद्दाम तिच्याकडे करून ठेवलं. दिशाचं लक्षच गेलं नाही.

त्याच आठवड्यात मालिकेतली धाकटी सून बदलली. पडद्यावर ती जे बोलायची ते एक, निशिगंधा सांगायची ते दुसरं. आधी शब्दाशब्दापुरतं. धाकटी म्हणायची, आई, मी बघते. निशिगंधा सांगायची, माझ्याशिवाय तुमचं कोण आहे, असं बोलतेय बघा. मालतीबाई नाक मुरडायच्या. मग निशिगंधाला चटक लागली. धाकटी लाघवी बोलून सासूला गुंडाळते, थोरलीचं श्रेय स्वतः घेते, अशी गोष्ट पुढे सरकत गेली. धाकटीने एका रात्री दागिन्यांचा डबा उघडला तेव्हा निशिगंधाने सरळ सांगून टाकलं की ही सोनं चोरते आहे. मालतीबाईंनी बोटं मोडून तिला शिव्या घातल्या. निशिगंधाला त्या शिव्या गोड लागल्या.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी सकाळी, नेट बंद पडलं. दिशाची परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंग चालू होती, ती मधेच तुटली. नेट कंपनीचा प्रसाद दुपारी घरी आला. तुमच्या लाइनीवरून बाहेर हजारो भंकस मेल जात आहेत, तक्रारी आल्या म्हणून वरून लाइन तोडली, असं त्याने सांगितलं. फुकटच्या व्हीपीएनमध्ये असं होतं. काही व्हीपीएनवाले आपल्याला पडदा देतात आणि आपल्या लाइनीवरून परक्यांचा कारभार चालवतात. घरात कोणी तसलं काही घातलंय का, ते बघून काढा, मग लाइन जोडतो.

सासरे, धर्मराज, सोफ्यावर बसून ऐकत होते. प्रसाद गेल्यावर त्यांनी दिशाला बोलावलं. घरात व्हीपीएन हा शब्द आणला होता तिनेच. ऑफिसचे उद्योग ऑफिसात करायचे, घराचं नाव त्यात ओढायचं नाही, असं ते शांतपणे पण स्पष्ट बोलले. दिशा म्हणाली, तिच्या लॅपटॉपवर तसलं काही नाही. त्यावर विश्वास न बसल्यासारखी त्यांनी मान हलवली.

निशिगंधा स्वयंपाकघरात कालवणाला फोडणी देत होती. चार पावलं चालून बाहेर यायचं आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. ती गेली नाही. दिशाला पहिल्यांदाच कोणीतरी उभं करून बोलत होतं. आपल्याला आनंद होतोय हे निशिगंधाला कळलं, आणि लाज वाटली. तरीही ती कढईतच बघत राहिली.

दिशा रोज महाप्याला जायला लागली. नेट नाही म्हणून मालिकाही थांबली. शनिवारी सुट्टी होती. दुपारी निशिगंधा चहा घेऊन सासूच्या खोलीत आली, तर दिशा तिच्या जागेवर, पायथ्याशी बसलेली. स्वतःच्या फोनचं नेट वापरून तिने टीव्हीवर तीच मालिका लावली होती, पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपवरची. त्यातली माणसं चक्क हिंदीतून बोलत होती. मागचं आठवायला म्हणून दिशाने आधीचे दोन भाग लावले होते. मालतीबाई सगळं सरळ ऐकत होत्या, मधे कोणी लागत नव्हतं.

निशिगंधाने ट्रे खाली ठेवला. आपलं सगळंच हिने घेतलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात मालतीबाई वळल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या धाकटीकडे बोट केलं.

"निशी, तू तं बोललीस का हिनं सोनं चोरलं. ही तं सोताचं सोनं इकून सासूचं आपरेशन करते."

इंग्रजी नीट कळलं नसेल, असं निशिगंधा पुटपुटली. मालतीबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि चहाचा कप उचलला. दिशा मात्र बघतच राहिली. तिला इंग्रजी चांगलं येत होतं, आणि वहिनीलाही येतं हे तिला माहीत होतं.

संध्याकाळी निशिगंधा जिना चढून वर गेली. दार उघडंच होतं. दिशा कपड्यांच्या घड्या घालत होती. निशिगंधाने उभ्यानेच सांगितलं की ते व्हीपीएन तिने घातलं होतं.

"माहितेय," दिशा म्हणाली. "मंगळवारीच तुमच्या लॅपटॉपवर बघितलं. हिरवं कुलूप होतं."

"मग बाबांना का नाय सांगितलंस?"

दिशाने हातातली घडी पुरी केली. "मला या घरात अजून चाळीस वर्षं काढायचीत, वहिनी. पहिल्याच वर्षी तुमचं नाव सांगून कसं चालेल?" मग पुढचा कपडा उचलत म्हणाली, "पण राग आला होता. अजून आहे. मीटिंग तुटली त्याचं कंपनीत मला ऐकून घ्यावं लागलं."

ती मोठ्या मनाचं काही बोलली असती तर निशिगंधाला तिचा आणखी राग आला असता. हे खरं बोलणं ऐकून घेता आलं. मालिकेतल्या धाकटीचं काय केलं तेही तिने मग सांगून टाकलं. दिशा हसली नाही. फक्त विचारलं, "मी तशी वाटते?"

"नाय," निशिगंधा म्हणाली. "तशी असतीस तर बरं झालं असतं."

जेवताना तिने सासऱ्यांपुढे चूक कबूल केली. धर्मराज भाकरी मोडता मोडता थांबले. मग दिशाकडे वळून म्हणाले की त्या दिवशी त्यांनी आधी विचारायला हवं होतं. निशिगंधाला ते काही बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. सोमवारी दिशाने जुन्या लॅपटॉपमधलं ते व्हीपीएन काढून तो साफ केला, प्रसादने लाइन जोडली. टॉरेंट पुन्हा लावायचं तर व्हीपीएन घ्यावंच लागेल का, असं हरेशने दिशाला विचारलं. तिने महिन्याचा हिशोब सांगितला. चांगल्या व्हीपीएनला जे पडतं त्याहून कमी पैशात ती मालिका अ‍ॅपवरच मिळते, आणि तिच्या अ‍ॅपवर अजून दोघांना बघता येतं. हरेशला ते पटलं.

आता मालतीबाई हिंदीतून मालिका बघतात. दुपारच्या त्या दोन तासांत निशिगंधाला खरं तर मोकळीक असते, पण ती तिथेच मेथी निवडत बसते. घरून काम असेल त्या दिवशी दिशाही अर्धा तास येऊन बसते. परवा मालतीबाईंना वॉकर धरून उठून बाहेर जायचं होतं. दोघी सुना दोन बाजूंनी पुढे झाल्या. मालतीबाईंनी हात दिशाच्या खांद्यावर ठेवला, ती जवळ होती म्हणून. निशिगंधाला आत कळ आलीच. तिने ती गिळली, वाकून वॉकर पुढे सरकवला आणि दाराची कडी काढली.