किलर्डनचं फाटक

"माझ्या आईला भिंतीवरून? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही!" असं मी टूहीसाहेबाला तोंडावर सुनावलं होतं. जुन्या वास्तू सांभाळणारा सरकारी माणूस तो, मोठा सभ्य. त्याने फक्त टोपी नीट केली.

आमचा किलर्डनचा मठ सातशे वर्षांचा. इंग्रज आयर्लंडवर चालून आले, त्यांच्या शिपायांनी छप्पर जाळलं, साधू परागंदा झाले, घंटासुद्धा कुणीतरी लांबवली. पण आम्ही आमची माणसं तिथे पुरायचं सोडलं नाही. छप्पर नाही तर नाही, मेलेल्याला पावसाचं काय! मग जमीनदाराला वाटलं, मठ आपला. त्याने फाटकाला कुलूप ठोकलं आणि आईच्या आजोबांची शवपेटी दोरांनी बांधून बटाट्याच्या पोत्यासारखी भिंतीवरून आत सोडावी लागली. आई तेव्हा लहान होती, पण ते ती जन्मभर विसरली नाही. परवा जाताना माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "डर्विला, मला फाटकातून ने. चोरासारखं नको."

आता किल्ली सरकारकडे, आणि टूहीसाहेबाचं म्हणणं, फाटक उघडणार नाही; तुमच्या जागेवरची मठाची कमान खिळखिळी झालीय, खाली खणलं तर कोसळेल. डांबरी रस्त्यालगत नवं कब्रस्तान आहे, तिथे न्या. मी म्हटलं, "छान आहे ना? मग आधी तुम्ही जा!"

काल शेजाऱ्यांनी भिंतीवरून उड्या टाकून आईच्या माहेरच्या जागेत कबर खणली. कमान हूं की चूं करेना. आणि आज मयत घेऊन येतो तो काय, फाटकाला जुन्याच्या जागी नवंकोरं कुलूप, आणि फाटकापुढे रस्त्यात, आमच्याकडे तोंड करून, टूहीसाहेब उभा.

"थांबा," तो म्हणाला. "माफ करा, पण मागे फिरा."

मागे फिरा! निघालेली मयत कधी मागे फिरवतात? बायकांची जपमाळ थांबली.

माझा भाऊ फेस्टी पुढच्या खांद्याला होता. तो कुजबुजला, "जाऊ दे गं, भिंतीवरून नेऊ. लोक बघतायत."

"बघू देत. तू खांदा दे आणि गप्प बस." मी पुढे झाले. "साहेब, गाव कुठलं तुमचं?"

"रॉसकॉमनकडचं."

"तिकडे समोरून मयत आली तर काय करतात?"

त्याचे कान लाल झाले. आयर्लंडमध्ये शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. समोरून मयत आली की माणसाने वळायचं आणि तिच्यासोबत तीन पावलं चालायचं. वैऱ्याची असली तरी.

"बाई, मी कामावर आहे."

"तुमची आई आहे?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"तिच्या वेळी रस्त्यात भेटलेला कुणी म्हणाला का, मी कामावर आहे?"

त्याने टोपी काढली आणि वळला. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला त्याची छाती फाटकाला टेकली. मागून फेस्टी, देव त्याचं भलं करो, एकदाचा शहाणा झाला आणि थांबलाच नाही. आईची पेटी साहेबाच्या पाठीशी येऊन ठेपली.

त्याने खिशातून किल्ली काढली. "कमान पडली तर?"

"आमच्यावरच पडेल. आमचीच आहे ती."

फाटक करकरलं. आई दारातून आत गेली, उजळ माथ्याने. मला रडू फुटलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

साहेबाची तीन पावलं केव्हाच झाली होती, तरी तो कबरीपर्यंत आला. फेस्टीने पहिली मूठ माती टाकली. माझी पाळी आली तेव्हा मी कडीवरून उचलून आणलेलं कुलूप खाली सोडलं. लाकडावर खणकन वाजलं.

"अहो," टूहीसाहेब हळूच म्हणाला, "ते सरकारी आहे."

"मग खणून काढा की, साहेब!"