चाळीस घरी गेलेली चावी

पंचवटीत मालेगाव स्टँडजवळच्या सायबर कॅफेत मी काउंटरवर बसायचे, तेव्हाची ही गोष्ट. साल दोन हजार चार. पासवर्डच्या बाबतीत मी फार कडक होते. कोणी जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवली की त्याला तिथल्या तिथे झाडायचे. रामकुंडावरचे एक गुरुजी पासवर्ड टाइप करताना मोठ्यानं म्हणायचे. त्यांना मी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं, "गुरुजी, हा मंत्र मनातल्या मनात म्हणायचा असतो." ते बिचारे दोन दिवस फिरकले नाहीत.

तर अशा या शहाण्या मनीषाचं खातं फुटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हणा खुशाल, मी स्वतःच म्हणून घेते.

मंगळवारी सकाळी कॅफे उघडला, उदबत्ती लावली आणि पहिलं माझं ईमेल उघडायला बसले. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला. चुकीचा. आणि त्या आठवड्यात तर मी एकाच पत्राची वाट बघत होते. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा होती. मी इंटरव्ह्यू देऊन आले होते आणि निकाल ईमेलवर येणार होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इंटरव्ह्यूला जायची परवानगी कशीबशी दिली होती. "जाऊन ये, पण स्थळं बघणं थांबायचं नाय," असं बजावून.

पासवर्ड विसरला तर खातं तुम्हाला तीन गोष्टी विचारायचं. जन्मतारीख, पिनकोड, आणि खातं काढताना तुम्ही निवडलेला एक प्रश्न. माझा प्रश्न होता, आईचं माहेरचं आडनाव. मी 'थेटे' टाकलं आणि दार उघडलं.

आत बघते तर काय, कंपनीचं पत्र सोमवारीच आलेलं, कोणीतरी वाचलेलं, आणि त्याला उत्तरही गेलेलं. माझ्या नावानं. "माझे लग्न ठरत असल्याने मला नोकरीची आवश्यकता नाही. तसदीबद्दल क्षमस्व."

क्षमस्व म्हणे. माझं डोकं असं फिरलं की समोरच्या गिऱ्हाइकानं प्रिंट मागितली तर त्याला मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा दिला.

लगेच कंपनीला लिहिलं, ते पत्र माझं नाही, माझं खातं कोणीतरी उघडलंय. दुपारी तिथल्या नेरकर मॅडमचं उत्तर आलं. शुक्रवारी पाचच्या आत स्वतः या आणि काय झालं ते पुराव्यानिशी सांगा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. मी पासवर्ड बदलला. चांगला चौदा अक्षरी, आकडे घालून, मलाच दोनदा चुकला असा.

बुधवारी सकाळी पुन्हा दार बंद.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पुढच्या दाराला मी चौदा अक्षरी कुलूप लावलं होतं आणि मागचं दार सताड उघडं. माझा पासवर्ड कोणी ओळखलाच नव्हता. जो कोणी होता तो त्या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन आत येत होता. मग माझी जन्मतारीख, आमचा पिनकोड आणि आईचं माहेर, एवढं सगळं एका माणसाला कसं ठाऊक?

एका माणसाला कसलं, चाळीस घरांना ठाऊक होतं. आप्पांनी स्वतः झेरॉक्स काढून वाटलं होतं.

माझा लग्नाचा बायोडेटा. जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, रंग. पत्ता, पिनकोडसकट. मामाकुळ: थेटे, गिरणारे. आणि सगळ्यात खाली ईमेल. "पोरीला ईमेल हाय म्हणल्यावर स्थळं वरची येतात," असं आप्पांना बाजारात कोणीतरी सांगितलं होतं. मखमलाबादला आमचा झेंडू आणि निशिगंध. आप्पा रोज पहाटे फूलबाजारात जायचे, ते फुलांच्या पाट्यांबरोबर माझे बायोडेटे घेऊनच. जगाला पासवर्डचं ज्ञान पाजळणारी मी, आणि माझ्याच घराची चावी चाळीस घरी पोचली होती, कागदाच्या माथ्यावर गणपती छापून.

प्रश्न बदलून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. पण मग चोर निसटला असता, आणि नेरकर मॅडमना पुरावा काय देणार? म्हणून पासवर्ड तेवढा पुन्हा बदलला, प्रश्न तोच राहू दिला. मला संशय होताच. चाळीसांतलं एकच स्थळ पुढं सरकलं होतं. देवळाली कॅम्पचं. मुलगा अमित, 'कॉम्प्युटरमधले सर्व ज्ञान' असलेला. गेल्या रविवारी पोहे झाले तेव्हा त्याची आई भागुबाई म्हणाली होती, "आमच्याकडं सुना नोकरी करत नाहीत." मी म्हटलं होतं, "मी करणार आहे." त्यावर त्या माउलीनं बशी खाली ठेवली होती. पण नुसत्या संशयावर कोणाचं नाव कसं घ्यायचं?

मी मैत्रिणीला, सुवर्णाला, फोन केला. आम्ही दोघींनी मिळून एक पत्र रचलं. ते तिनं तिच्या खात्यावरून माझ्या खात्यावर पाठवलं. "मनू, लग्न ठरतंय तर त्यांना एकदा सांगून टाक. गेल्या अमावस्येला तू झोपेत उठलीस आणि विळा घेऊन झेंडूच्या वाफ्यात उभी होतीस. त्या आधी चुलतभावाच्या उशाशी. औषध चालू आहे ना?"

सुवर्णाला विळ्याऐवजी कुऱ्हाड हवी होती. मी म्हटलं, जरा खरं वाटू दे.

गुरुवारी सकाळी पासवर्ड चुकीचा आला. आयुष्यात पहिल्यांदा मला पासवर्ड चुकल्याचा आनंद झाला. गुरुजींना त्या दिवशी मी अर्धा तास जास्त बसू दिलं.

संध्याकाळी घरी फोन वाजला. आप्पांनी घेतला. भागुबाईचा आवाज इतका खणखणीत की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "देवरामभाऊ, आमची फसवणूक करत होते व्हय? पोरगी झोपेत विळा घेऊन हिंडते, हे दडवून ठेवलं."

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला म्हणायला पाहिजे? आमच्या अमितनं तिच्याच ईमेलात वाचलंय, आपल्या डोळ्यांनी."

आप्पांनी फोन खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग भिंतीला टांगलेल्या विळ्याकडे बघितलं. आईनं तो हळूच खाली काढला आणि पदराखाली घेतला.

"मने," आप्पा म्हणाले, "तू झोपेत उठतीस?"

मी सगळं सांगितलं. कंपनीचं पत्र, माझ्या नावानं गेलेलं उत्तर, आणि बायोडेट्यातल्या कुठल्या कुठल्या ओळींनी दार उघडलं तेही. आईनं कपाळाला हात लावला. "आता समाजात काय व्हईल? विळेवाली पोरगी म्हणतील. कोण करील हिला?" मला मेलीला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. आप्पा चिडले तर सगळं संपलं असतं. अंबडला एकटीनं जायची परवानगी मिळाली नसती, आणि शुक्रवार उद्यावर आला होता.

आप्पा चिडले, पण भलतीकडेच.

"म्हंजे त्यानं तुझं पाकीट फोडलं," ते सावकाश म्हणाले. कॉम्प्युटर त्यांना कळत नव्हता, पाकीट कळत होतं. "आमच्या भाऊबंदकीत वीस वर्षं कोरट चाललं. बांध कोरले, पाणी तोडलं. पण कोणाचं आलेलं पाकीट कोणी फोडलं नाय. आणि वरून तुझ्या नावानं जबाब बी दिला?"

"हो."

"किती वाजता जायचंय उद्या?"

शुक्रवारी सकाळी कॅफेत जाऊन मी तो प्रश्न बदलला, आणि दुपारी आप्पांच्या एम-एटीवर मागं बसून अंबडला निघाले. गाडीला फुलांचा वास आणि आप्पांच्या अंगात इस्त्रीचा सदरा.

नेरकर मॅडम चष्मा नाकावर घेऊन ऐकत होत्या. सुवर्णाचं पत्र मी छापून नेलं होतं. विळ्याशी आल्यावर त्यांचा ओठ जरा हलला, पण लगेच सरळ झाला. "स्टोअरचा सगळा माल तुमच्या पासवर्डवर आत-बाहेर होणार," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या खात्याचं असं झालं, मग आमचं काय?"

लागलं ते मला. खरं तेच बोलले. "चूक माझी आहे, मॅडम. गावाला माहीत असलेली गोष्ट मी गुपित समजले. लोकांना शिकवत होते, स्वतः तपासलं नाही. पण कोण घुसलं ते तीन दिवसांत शोधलं."

"कोण घुसलं, हे लेखी द्याल? नावानिशी?"

मी पेन उचललं तेवढ्यात आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. अमितचा बायोडेटा. "यात समदं हाय, ताई. नाव, पत्ता, जन्मवेळ, मामाकुळ. फोटो बी हाय."

मॅडमनी कागद जवळ घेतला आणि एक ओळ मोठ्यानं वाचली. "स्वभाव: सरळ. कोणाच्या अध्यात ना मध्यात." मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि बराच वेळ हसत राहिल्या. कागद मात्र परत दिला नाही, फाइलला लावला. मला म्हणाल्या, "पहिल्या तारखेला आठ वाजता या. आठ म्हणजे आठ."

परतीच्या वाटेवर आप्पांनी विचारलं, "मग आता त्या प्रश्नाचं उत्तर काय ठेवलंस?"

"नाही सांगणार."

"मला? बापाला?"

"तुम्हाला तर नाहीच. तुम्ही झेरॉक्स काढाल."

बोलून गेले आणि जीभ चावली. आप्पांना असं तोंडावर 'नाही' मी कधीच म्हटलं नव्हतं. मला वाईट वाटत होतं, पण शब्द मागे घ्यावासाही वाटत नव्हता. अशोकस्तंभाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "पुढच्या खेपेचा बायोडेटा तू लिही. लोकांना काय सांगायचं, काय नाय, ते तुझं तू ठरव."

पण माझी खोड जात नाही. विचारलं, "नोकरी करते, असं लिहू?"

सिग्नल सुटला. आप्पांनी गिअर टाकला.

"लिही की," ते म्हणाले. "पार वर लिही, गणपतीच्या खाली."