वळूची आई

नेब्रास्कातील आमच्या कुरणांवर वळूचा आकार पाहूनच बोली चढते. परंतु माझ्या मनात त्या आकाराविषयीच संशय उत्पन्न झाला होता. अवाढव्य वंशातील कालवडी पुष्कळदा उशिरा माजावर येतात, आणि गाभण न राहिलेली गाय आमच्याकडे हिवाळ्यापूर्वीच कत्तलखान्यात जाते. वळूच्या कालवडी त्याच्या आईच्या वळणावर जातात; तेव्हा वळू चुकला, तर माझा कळपच संपुष्टात येणार होता.

"ऑर्विलकाका, डोंगर आहे डोंगर!" विक्रेता डेल्बर्ट वळूच्या पाठीवर थाप मारीत म्हणाला.

"या डोंगराची आई दाखव."

"सोयरीक जुळवताय की काय?"

अखेर त्याने नाइलाजाने कुरणाकडे बोट दाखविले. मे महिना होता. प्रत्येक गायीपाशी वासरू होते. ती धिप्पाड गाय मात्र एकटीच चरत होती आणि तिची कास सुकलेली होती.

"हिचं वासरू कुठंय?"

"असेल इथंच कुठंतरी."

"भाकड आहे ही. मग ठेवलीस कशाला?"

"काका, प्रदर्शनात पहिली आली होती ती!"

मी पलीकडचा ठेंगणा वळू निवडला. त्याचीही आई पाहिली. वासराला पाठीशी घालून ती माझ्याकडे अत्यंत संशयाने पाहत होती. माझे समाधान झाले.