कनेक्टरच्या मागचा फुगवटा

नव्या नोकरीत तिच्या वाट्याला पहिलंच काम आलं ते साफसफाईचं. सर्किट बोर्डांसाठी वर्षानुवर्षं साठत गेलेले फुटप्रिंट तपासायचे. फुटप्रिंट म्हणजे एखादा सुटा भाग बोर्डावर कुठे आणि कसा बसणार याचा आराखडा. त्यात तांब्याचे पॅड, भागाची बाह्यरेषा आणि त्याभोवती मोकळ्या जागेची चौकट. या चौकटीला ऑफिसात सगळे ‘अंगण’ म्हणत. एकाच्या अंगणात दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही.

चपट्या केबलच्या एका कनेक्टरपाशी ती अडली. केबल पुढून आत शिरते, तेव्हा पुढे जागा सोडलेली समजण्यासारखी होती. पण अंगण मागेही फुगलं होतं, पोट सुटल्यासारखं.

“पुसून टाक,” शेजारचा सहकारी म्हणाला. “नव्या बोर्डावर तिथे कपॅसिटर बसवायचाय. आधीच जागेची बोंब आहे.”

तिला पुसवेना. बाकीच्या रेषा इतक्या नेटक्या काढणाऱ्याचा हात नेमका इथेच कसा घसरला?

तो आराखडा काढणारे सर कधीच निवृत्त झाले होते. तिने फोन केला, तर म्हणाले, घरीच ये. कनेक्टर आणि त्याचा आराखडा खऱ्या मापात छापलेला कागद घेऊन ती गेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांपाशी धरला.

“रेघ माझीच. पण का काढली, काही केल्या आठवत नाही.”

“काहीतरी कारण असेलच ना, सर?”

“किंवा शिंक आली असेल.”

तेवढ्यात सरांच्या बायकोने, काकूंनी, कनेक्टर उचलून पाहिला. “अहो, ही मागची काळी पट्टी हलतेय,” म्हणत त्यांनी ती नखाने उचकटली. टक् आवाज झाला आणि पट्टी झडपेसारखी मागे कलली.

तिने कनेक्टर घाईने कागदावर ठेवला. झडप बाह्यरेषेच्या बाहेर गेली होती, थेट फुगवट्यात. उरलेल्या जागेत काकूंचं नख मावत होतं. मग झडप मिटवून तिने मागे खोडरबराचा तुकडा ठेवला.

“आता उघडा, काकू.”

झडप अर्ध्यातच अडली.

“केबल पुढून घालायची, झडपेचं कुलूप मागून लावायचं,” सर हळूच म्हणाले. “तेव्हाचा मी बराच शहाणा दिसतोय.”

दुसऱ्या दिवशी तिने फुगवटा तसाच ठेवला आणि उघडी झडप तुटक रेषेने आराखड्यात दाखवली. कपॅसिटर बाजूला सरकवावा लागला. सहकारी कुरकुरला, पण कनेक्टर त्याने हातात घेतलाच. नखं खायची सवय असल्यामुळे झडप काही त्याला उघडेना.

“नखं नसलेल्यांनी काय करायचं?” त्याने विचारलं.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने खुर्ची पुढे ओढली, त्याच्या हातातून कनेक्टर घेतला आणि नख न लावता नुसत्या बोटाच्या टोकाने झडप उघडून बघायला लागली.